माझ्या मिशांची साक्ष

मित्रांनो, आधी तो हात खाली घ्या. टाळी वाजवू नका. मी डास नाही. चावायचं म्हटलं तरी मला चावता येणार नाही, कारण माझ्या तोंडाला सोंडच नाही. मी एक जुनं चिलट आहे. उडणारं नव्हे, तर काचपट्टीवर पाच तुकड्यांत चिकटवलेलं आणि लाकडी पेटीच्या सतराव्या खाचेत उभं करून ठेवलेलं. वय विचाराल तर जिवंतपणीचं सांगू की मेल्यानंतरचं? जिवंत मी जेमतेम दीड महिना होतो. मरून मात्र पंचवीस वर्षं होऊन गेली.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करतो, म्हणजे तुम्ही मागून हसायला नको. मी जन्माचा भित्रा आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी तर त्यांची रांगच लागली होती.

माझा जन्म गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यात झाला. आईनं पाण्यावर शेकडो अंडी घातली आणि ती गेली. आम्ही तिला पाहिलंही नाही. अंड्यातून निघालो तेव्हा मी केसाच्या टोकाएवढा होतो. तळ्याचं पाणी गाळणघरात जायचं, तिथं वाळूच्या जाड थरातून गाळलं जायचं आणि मग टेकडीवरच्या झाकलेल्या टाकीत पडायचं. आमच्यासारख्यांना त्या वाळूतून पलीकडे जाताच येऊ नये, अशी ती व्यवस्था होती. पण एका कोपऱ्यात वाळूला भेग पडली होती. एके दिवशी पाण्यानं मला ओढलं. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, पण केसाच्या टोकाएवढ्याचा आवाज कोण ऐकणार? भेगेतून घसरत मी थेट टाकीत पडलो. माझ्याबरोबर माझा एक भाऊ होता आणि आणखी कितीतरी भावंडं होती. माणसांना ही भेग माहीत नव्हती. मला माहीत होती.

टाकीत मिट्ट काळोख होता. तळाशी थोडा गाळ होता, त्याची नळी करून मी आत लपून राहिलो आणि वाढलो. वाढता वाढता लाल झालो. आमच्या जातीच्या अळ्यांचं रक्त माणसांसारखं लालच असतं. सगळ्यात जास्त भीती मला वाटायची ती संध्याकाळी. वरचं लोखंडी झाकण करकरत उघडायचं, विजेरीचा झोत पाण्यात घुसायचा आणि मी नळीत डोकं खुपसायचो. वर टाकीवाले काका असायचे. ते पाणी बघायचे, टाकीशी बोलायचे. "काय गं बाई, पोटभर पाणी आलं ना? चल, झाकतो आता तुला, तू गप पड," असं काहीबाही. मग झाकण बंद. कुलूप. आणि कुलूप लागलं की नाही हे बघायला दोनदा हिसका. तो दुसरा हिसका ऐकला की माझ्या जिवात जीव यायचा. एकही संध्याकाळ ते हिसके चुकले नाहीत. माझ्याइतकं कान लावून ते कुणी ऐकलं नसेल.

मग एका घरात कुणीतरी नळाखाली पेला धरला आणि त्यात आमच्यातली एक लाल अळी पडली.

पुढं काय झालं ते मी बोलण्यातून ऐकलं. पेल्यातली अळी पाहून त्या घरातली मंडळी किंचाळली, त्यांचं ऐकून शेजारचे किंचाळले आणि दुपारपर्यंत सगळ्या गावाची पाचावर धारण बसली. नळातून रक्त येतं इथपर्यंत गोष्ट गेली. पाणीखात्याचे साहेब टेकडीवर धावत आले. टाकीच्या कुंपणाला लागून एक उघडं गटार होतं, त्यावर संध्याकाळी चिलटांचे ढग घोंगावायचे. साहेबांनी एकदा गटाराकडं पाहिलं, एकदा झाकणाकडं पाहिलं आणि काकांकडं बोट दाखवलं. "झाकण उघडं टाकलंस. गटारातली चिलटं आत गेली आणि अंडी घालून बसली. दुसरं काय असणार?"

"साहेब, एक दिवससुद्धा उघडं टाकलं नाही," काका म्हणाले. माझ्यासारखेच ते घाबरले होते.

"ते आता किडेवाल्या बाईच सांगतील," साहेब म्हणाले. "गटारातली जात निघाली तर तुझी नोकरी गेली समज."

किडेवाल्या बाई म्हणजे प्रयोगशाळेतल्या बाई. बारीक जाळी घेऊन त्या आल्या आणि त्यांनी आम्हां अकरा जणांना टाकीतून उपसलं. प्रत्येकाला वेगळी बाटली, थोडं टाकीचंच पाणी, चिमूटभर गाळ आणि तोंडाला कापसाचा बोळा. उजेड पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला आणि माझी बोबडी वळली. नऊ जण दोन दिवसांत गेले. मी आणि माझा भाऊ उरलो, शेजारी शेजारी, काचेतून एकमेकांकडं बघत.

आता तुम्ही विचाराल, अळ्या पाहून लगेच का नाही सांगितलं? मित्रांनो, तिथंच तर गोम आहे. आम्ही तळ्याकडचे आणि ती गटाराकडची मंडळी सख्खे चुलत. अळी पाहून भले भले फसतात. नीट ओळखायचं तर अळीचा कोश व्हावा लागतो, कोशातून पंखवालं चिलट निघावं लागतं आणि तेही नर लागतं. नराच्या मिशा पिसांसारख्या झुबकेदार असतात. त्या मिशीचा शेवटचा कांडा बाकीच्या सगळ्या कांड्यांच्या मानानं किती लांब, हे मोजायचं. आमच्यात तो तिप्पट भरतो, गटाराकडच्यांत दुप्पट. शिवाय पोटाच्या टोकाला नराला एक बारीक चिमटा असतो. आमच्या चिमट्याची आतली बोटं विळ्यासारखी वाकडी, त्यांची बोथट आणि रुंद. दोन्ही खुणा बघायच्या आणि मगच तोंड उघडायचं, असा त्या कामाचा नियम आहे.

बाईंनी काकांना हे सगळं सांगितलं होतं. काका रोज यायचे, दाराशीच उभे राहायचे.

"बाई, माझ्यावर विश्वास आहे ना तुमचा?"

"काका, माझ्या विश्वासाला कोण विचारतंय? किडा सांगेल ते मी लिहिणार."

माझा भाऊ माझ्याआधी कोशातून बाहेर आला. नर होता. बाई आनंदल्या आणि त्याच सकाळी साहेबांचा फोन आला. लोक कचेरीच्या दारात जमले होते, दुपारच्या आत निकाल हवा होता. मी माझ्या बाटलीत कोश होऊन तरंगत होतो आणि जे दिसलं ते पाहण्यापेक्षा आंधळा झालो असतो तर बरं, असं मला वाटलं. बाईंनी भावाला स्पिरिटमध्ये टाकलं. खरं तर नंतर त्याला बराच वेळ एका द्रावणात भिजू द्यायचं असतं, म्हणजे अंग मऊ होतं. बाईंनी घड्याळाकडं पाहिलं आणि त्याला लगेच बाहेर काढलं. सुईनं मिशा वेगळ्या केल्या. एक सुईला चिकटून कुठं गेली कुणास ठाऊक. दुसरीवर त्यांनी पातळ काच ठेवली, दाबली आणि मिशीचं टोक कट्कन मोडलं. झुबक्यात ते बाईंना दिसलं नाही. पोटाचं टोक कुशीवर वळलं, चिमटा नीट दिसेना. बाईंनी उरलेली मिशी मोजली. दुप्पट.

काका दाराशीच होते. बाईंनी मान वर केली नाही. "गटारातली जात आहे, काका."

काकांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "टाकी सांभाळतोय त्याला एकोणीस वर्षं झाली बाई. घरी सून आता नळाचं पाणी तीन पदरी फडक्यातून गाळते. माझ्यासमोरच गाळते. तिला काय सांगू मी?"

मी बाटलीत आक्रोश करत होतो. चूक आहे! मोडलंय ते! भेग बघा! पण कोशाला तोंड कुठलं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

निकाल लागला तसे सगळे मला विसरले. तिसऱ्या दिवशी बाई रिकाम्या बाटल्या धुवायला निघाल्या. ताटलीत दहा रिकाम्या आणि अकरावी माझी. मोरीचा नळ सोडलेला होता. पाण्याचा तो आवाज! एक बाटली उपडी झाली, दुसरी झाली, तिसरी. मी कोशात शेपूट आपटत होतो. तेवढ्यात काका बाईंच्या अहवालाला जोडायच्या एका कागदावर सही करायला आले. तो कागद त्यांनी स्वतःचा निष्काळजीपणा कबूल केल्याचा होता.

"बाई, यात काहीतरी हलतंय," काका म्हणाले.

"असू दे काका. निकाल तर लागला."

"पण हेही त्याच टाकीतलं ना? मग त्यालाही विचारा की."

"तेही तेच सांगेल."

"सांगू दे. ते सांगेल तेव्हा सही करतो आणि पुन्हा या दारात उभा राहत नाही."

बाईंनी नळ बंद केला. माझी बाटली पुन्हा खिडकीत गेली.

मित्रांनो, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी मला आनंद झाला नाही. मला धडकी भरली. बाहेर पडलो तर स्पिरिट, सुई आणि काच ठरलेली. नाही पडलो तर काकांची सही ठरलेली. मी मनाशी म्हटलं, नकोच ते. कोशातच राहावं. दुसऱ्याचं दुसरा बघून घेईल. असा विचार करताना मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. पण कोशाला थांबता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीवर चीर पडली आणि मी माझ्याच कातडीवर उभा राहिलो, ओला, मऊ, सहा पायांवर लटपटत. पंख सुकले. पुढचे दोन लांब पाय आपोआप वर उचलले गेले. आमची बसायची तऱ्हाच ती. डास मागचे पाय उचलतो, आम्ही पुढचे. आणि डोक्यावर काय होतं? झुबकेदार मिशा! मी नर होतो. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला त्यांचा केवढा अभिमान वाटला असता. त्या दिवशी एकच वाटलं, मेलो.

माझं सगळं उडणं त्या बाटलीत झालं, बोटभर उंचीचं. मग कापूस निघाला आणि स्पिरिटचा थेंब आला. फार दुखलं नाही. एकदम गार वाटलं, एवढंच.

मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात. खोटं आहे. मी मेल्यावरही भ्यालो. या वेळी बाईंनी फोन उचलून बाजूला ठेवला आणि मला पूर्ण एक दिवस त्या द्रावणात भिजू दिलं. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. आधी पंख. अंगापेक्षा आखूड, डासाच्या पंखांवर असतात तसे खवले नाहीत. मग पाय, जोडीजोडीनं. मग त्या मिशांकडं वळल्या आणि मी पाहिलं, सुई हलत होती. ज्यांची मला एवढी भीती वाटत होती, त्याच भ्याल्या होत्या. त्यांनी सुई खाली ठेवली, हात पदराला पुसले, दोन घोट पाणी प्यायल्या. "सावकाश, बाई, सावकाश," त्या स्वतःलाच म्हणाल्या. आणि माझ्या दोन्ही मिशा अख्ख्या, टोकापर्यंत अख्ख्या, त्यांनी डिंकासारख्या रसात अलगद ठेवल्या.

मोजलं. तिप्पट. पुन्हा मोजलं. दुसरी मिशी मोजली. तिप्पटच. पोटाचं टोक उताणं ठेवून चिमटा पाहिला. आतली बोटं विळ्यासारखी वाकडी.

बाईंनी माझ्या भावाची पट्टी काढली आणि त्याच्या मिशीच्या टोकावर भिंग आणलं. टोक निमुळतं नव्हतं, फाटलेलं होतं.

"मोडलेली होती," त्या पुटपुटल्या. "मोडलेली होती आणि मी मोजली."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. चूक फक्त त्यांना माहीत होती आणि मला. त्यांनी मला टेबलाच्या खणात टाकलं असतं तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. त्यांची एवढ्या वर्षांची अब्रू शाबूत राहिली असती. खणाच्या मुठीवर त्यांचा हात गेला, हे मी पाहिलं. स्पिरिटला भ्यालो नव्हतो, सुईला भ्यालो नव्हतो, एवढा मी त्या हाताला भ्यालो.

त्यांनी खण उघडला, आतून डबी काढली, त्यात आम्हां दोघा भावांना ठेवलं आणि चपला घालून साहेबांकडं निघाल्या. वाटेत काकांना निरोप धाडला.

"म्हणजे बाई, त्या दिवशी एक जात आणि आज दुसरी?" साहेब भडकले. "उद्या तिसरी सांगाल! लोकांना मी काय तोंड दाखवू?"

"माझं दाखवा," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी घाई केली. मिशीचं टोक मोडलं ते मला दिसलं नाही, चिमटा दिसत नव्हता तरी मी एकाच खुणेवर निकाल दिला. हा सूक्ष्मदर्शक बरोबर आणलाय. तुम्हीच बघा."

साहेब वाकले. त्यांचा प्रचंड डोळा माझ्यावर आला आणि मी मेलेला असूनही आकसलो. "मला दोन्ही सारखीच दिसतात," ते म्हणाले. बाईंनी टोक दाखवलं. इकडं फाटलेलं, तिकडं निमुळतं. चिमटा दाखवला. साहेब हळूहळू सरळ झाले.

"मग ही आली कुठून?"

"तळ्यातून. झाकणातून नाही. गाळणघरात बघा. वाळूतूनच आली असणार."

गाळणघर साहेबांच्या स्वतःच्या देखरेखीखाली होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता काका ओरडतील, साहेबांना चार शब्द सुनावतील. हक्कच होता त्यांचा. काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे मी कुलूप लावत होतो," ते म्हणाले.

"लावत होतात, काका."

"बाई, मलाच वाटायला लागलं होतं, की विसरलो असेन. सगळेच म्हणतात म्हणजे असेल. रोज रात्री बसून आठवत होतो आणि मला आठवेनासं झालं होतं हो."

बाई काकांच्या पाया पडायला वाकल्या. काकांनी त्यांना मध्येच धरलं. "अहो, असं काय करता? तुम्ही नसतं सांगितलं तर मला कोण सांगणार होतं?"

दुसऱ्या दिवशी वाळू उपसली आणि भेग सापडली. काकांना किल्ल्या परत मिळाल्या. म्हणे, त्या संध्याकाळी सुनेनं थेट नळाचा पेला भरून त्यांच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः प्यायली. हे त्यांनी बाईंना येऊन सांगितलं, तेव्हा ते हसत होते.

त्यानंतर माझे मानाचे दिवस आले. दर वर्षी नवे विद्यार्थी यायचे. बाई आधी माझ्या भावाची सोळा नंबरची पट्टी लावायच्या आणि विचारायच्या, सांगा कुठली जात? मुलं मोजायची आणि ऐटीत सांगायची, गटारातली. मग बाई मला लावायच्या. मुलांचे चेहरे उतरायचे. भावाच्या पट्टीवरची 'गटारातली जात' ही चुकीची चिठ्ठी त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली होती. खोडली नाही, बदलली नाही. खरं काय ते त्यांनी माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: सोळा नंबरचा निकाल चुकीचा, मिशी मोडलेली, टाकीवाल्यांचा दोष नाही.

बाई निवृत्त झाल्या, पुढं गेल्याही. काका त्यांच्याआधी गेले. पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. माझ्याभोवतीचा रस पिवळा पडलाय, एका काचेखाली हवेचा बुडबुडा शिरलाय आणि माझ्या चिठ्ठीचा डिंक सुकून तिचा एक कोपरा उचकटलाय. गेल्या आठवड्यात कपाट आवरायला कुणीतरी नवीन आलं. आमच्या दोघांच्या पट्ट्या उजेडात धरून म्हणालं, "एकाच टाकीतली दोन चिलटं कशाला ठेवायची? ही पिवळी पडली आहे, ही टाकून देऊ. ती दुसरी स्वच्छ आहे, तिची चिठ्ठीही नीट आहे." मग जेवणाची वेळ झाली आणि काम अर्धवट राहिलं. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे.

मित्रांनो, म्हणून तुम्हांला हात जोडतो. सहा पाय होते तेव्हा सहाही जोडले असते. जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यावर काय लिहिलंय ते एकदा वाचा. टाकायचंच असेल तर आम्हां दोघा भावांना बरोबर टाका, मी कुरकुर करणार नाही. पण त्याला एकट्याला मागं ठेवू नका. तो एकटा उरला, तर त्याच्या चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच खरं होऊन बसेल, आणि नाही म्हणायला आता काकाही नाहीत आणि बाईही नाहीत.